मदत हवी आहे : गावच्या इतिहास मंडळाकडे साठलेले जुने स्की साहित्य कसे जपावे आणि त्यातले काय ठेवावे?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या ईशान्य भागातील एका लहान डोंगराळ गावाच्या इतिहास मंडळात मी स्वयंसेवक म्हणून काम करते. अशा बहुतेक मंडळांप्रमाणे आमच्याकडेही पगारी कर्मचारी नाहीत. प्रदर्शनाच्या दोन खोल्या, वर माळा आणि खाली ओलसर तळघर एवढाच आमचा पसारा आहे. हिवाळी खेळांच्या साहित्याची नीट यादी करण्याचे काम आता माझ्याकडे आले असून त्यात काही ठिकाणी मी अडले आहे. संग्रहालयांत, अभिलेखागारांत किंवा जुन्या वस्तूंच्या जतनाच्या कामात असलेल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. स्की करणाऱ्यांना दोराने ओढून टेकडीवर नेणारी अमेरिकेतील पहिली सोय, म्हणजे रोप टो, जानेवारी १९३४ मध्ये व्हर्माँटमधील वुडस्टॉक येथे एका शेताच्या उतारावर सुरू झाली आणि तिला जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन जोडलेले होते. खर्च बेताचा असल्याने पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या उतारांवर असे दोर फिरू लागले. नंतर विम्याचा वाढता खर्च, बर्फ न पडलेले हिवाळे आणि कृत्रिम बर्फ पाडू शकणारी मोठी केंद्रे यांच्यापुढे या टेकड्यांपैकी बऱ्याच बंद पडल्या. आमच्या गावची टेकडीही त्यांपैकीच एक. तिथे आता झाडी माजली आहे. ती टेकडी चालती होती याचा पुरावा म्हणजे लोकांनी आमच्याकडे आणून दिलेले सामान : स्की, बूट, तिकिटे, बाहीवर शिवायचे कापडी बिल्ले, शर्यतीत छातीवर बांधायची क्रमांकाची कापडे आणि काही चित्रफिती.

ऑलिंपिकमधील वस्तूंची काळजी घेणारे बरेच आहेत. १९३२ आणि १९८० या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकचा वारसा सांगणारे संग्रहालय लेक प्लॅसिडला आहे, ऑस्लोच्या होल्मेनकोलेन येथील स्की संग्रहालयाची सुरुवात तर १९२३ मध्येच झाली, आणि अमेरिकेतील राष्ट्रीय स्की संघटना १९०५ मध्ये जिथे स्थापन झाली त्या मिशिगनमधील इश्पेमिंगलाही नामवंत स्कीपटूंचे स्मृतिदालन आहे. त्यांच्या दारात जे जाणार नाही, ते आमच्याकडे येते. पदक न मिळालेल्या माणसांच्या या वस्तू आहेत आणि त्यांचे मोल त्या कोणी, कुठल्या उतारावर वापरल्या यातच आहे, असे माझे मत आहे. पण आमच्या कार्यकारिणीत ते सर्वांना पटलेले नाही.

आता प्रत्यक्ष अडचणी मांडते.

सर्वांत मोठा प्रश्न लाकडी स्कींचा आहे. हिकरी आणि अ‍ॅश या लाकडांच्या स्कींचा ढीगच माळ्यावर पडला आहे. काहींच्या कडांना पोलादी पट्ट्यांचे तुकडे स्क्रूने बसवलेले आहेत, तर काहींना कडाच नाहीत. पोलादी कडांचे पेटंट ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ लेटनर यांनी १९२६ मध्ये घेतले हे मला ठाऊक आहे. परंतु जुन्या स्कींना मागाहून कडा बसवून घेतल्या जात आणि स्वस्तातल्या स्की पुढेही बिनकडांच्याच विकल्या जात, त्यामुळे केवळ कडांवरून काळ ठरवणे मला धोक्याचे वाटते. पांढऱ्या रंगाच्या काही जोड्या लष्कराच्या असाव्यात. दुसऱ्या महायुद्धात कोलोरॅडोतील कॅम्प हेल येथे डोंगरी युद्धाचे शिक्षण घेतलेल्या दहाव्या माउंटन डिव्हिजनसारख्या तुकड्यांसाठी बनलेल्या स्की युद्धानंतर शिलकी माल म्हणून स्वस्तात विकल्या गेल्या. घेणाऱ्यांपैकी अनेकांनी तो पांढरा रंग खरवडून वर वॉर्निश चढवले, आणि आमच्याकडे दोन्ही प्रकार आहेत.

एक जोडी मात्र मला विशेष महत्त्वाची वाटते. पाऊल ठेवायच्या जागी तीन वेगवेगळ्या बाइंडिंगांची, म्हणजे बूट स्कीला जखडून ठेवणाऱ्या पकडींची, भोके आहेत आणि त्यांतली जुनी भोके लाकडी खुंट्या ठोकून बुजवलेली आहेत. तापलेल्या सळईने डागून लिहिलेले नाव अर्धवट वाचता येते. खालच्या बाजूला पाइनच्या डांबराचा काळा थर असून त्यावर चंदेरी मेणाची एक वरंबी थिजलेली आहे आणि तिच्यात पाइनच्या दोन सुया अडकून बसल्या आहेत. कार्यकारिणीतील एका सदस्यांचे म्हणणे असे की, ही जोडी स्वच्छ घासून, वॉर्निश लावून फायरप्लेसवर फुलीसारखी टांगावी. मला हे अजिबात मान्य नाही, पण ‘मला वाटते’ यापलीकडे ठोस कारण देता आले तर बरे होईल.

दुसरे, बूट. चामड्याच्या जुन्या बुटांना हात लावला की बोटांना तांबूस भुकटी लागते. प्लास्टिकचे बूट त्यांच्याहून बरेच नवे असूनही त्यांची अवस्था अधिक वाईट आहे. कवच तडकले आहे आणि आतल्या फोमचा चिकट चुरा झाला आहे.

तिसरे, शर्यतीच्या संघाचा एक लोकरी स्वेटर असून त्याला कसर लागली आहे. चौथे, ‘हिवाळी जत्रा’ एवढेच लिहिलेल्या पत्र्याच्या डब्यात १६ मिलिमीटरची फीत आहे. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो, आणि जुन्या फिती पेट घेतात असे ऐकल्यामुळे मी तो सध्या पडवीत ठेवला आहे.

शेवटचे म्हणजे मालकी. निम्म्याहून अधिक वस्तूंची दानपत्रे नाहीत आणि काहींवर ‘उसने’ अशी चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली आहे. जागा आणि पैसा दोन्ही तुटपुंजे असताना काय ठेवावे, काय सोडावे आणि जे आमचे आहे की नाही हेच माहीत नाही त्याचे काय करावे?

प्रतिसाद १

मी वस्तुजतनाच्या क्षेत्रात काम करतो. आपल्या स्कींच्या जोडीबाबत आपले म्हणणे बरोबर आहे आणि त्याचे कारणही ठोस आहे. बुजवलेली भोके, डांबर आणि मेण हा त्या स्कींचा वापराचा इतिहास आहे. बाइंडिंग तीनदा बदलले, म्हणजे ती जोडी दीर्घकाळ वापरात होती, कदाचित एकाहून अधिक माणसांच्या. मेण घासून काढले की तो पुरावा कायमचा गेला, आणि वॉर्निशचा थर पुढे काढायचा म्हटले तर त्याबरोबर खालचा मूळ थरही निघून येतो. मऊ ब्रशने सुटी धूळ झाडावी, त्यापुढे जाऊ नये. स्की भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका. आडव्या ठेवून तीन-चार ठिकाणी आधार द्या. पूर्वी स्कीचा बाक टिकावा म्हणून दोन स्कींच्या मध्ये लाकडी ठोकळा घालून टोके वादीने आवळत असत. तो ठोकळा मिळाला असेल तर जपून ठेवा, पण संग्रहात त्या ताणाखाली स्की ठेवू नका. हाताने मेण लावायची जुनी डबी असेल तर तीही ठेवावी, मात्र अलीकडच्या दशकांतील फ्लोरीनयुक्त मेणाच्या डब्या वेगळ्या बंद करून त्यांवर तसे लिहावे. आरोग्य आणि पर्यावरणाच्या कारणांवरूनच स्पर्धांमध्ये त्या मेणांवर बंदी आली आहे.

चामड्याच्या भुकटीला ‘रेड रॉट’ म्हणतात. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्यात आम्ल वाढून ते कुजते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. तेल किंवा बुटांचे पॉलिश चुकूनही लावू नका, कारण त्याने चामडे काळवंडते आणि धूळ धरते. बुटाच्या आत आम्लरहित कागदाचे सैल बोळे घालून आकार टिकवावा आणि प्रत्येक बूट वेगळ्या पेटीत ठेवावा. भुकटी धरून ठेवणारी द्रव्ये आहेत, पण ती तज्ज्ञाच्या हातूनच लावून घ्यावीत. पितळी कड्या आणि हूक चामड्याला लागून हिरवट झाले असतील, तर तिथे पातळ पॉलिएस्टरचा तुकडा सरकवता येतो.

प्लास्टिकच्या बुटांची कथा जरा दुःखद आहे. त्यांतले पॉलियुरेथेन नावाचे प्लास्टिक हवेतील ओलाव्यामुळे आतून तुटत जाते, मग बूट वापरलेला असो की दुकानातून आणून तसाच ठेवलेला. थंड आणि कोरड्या जागेत ही गती मंदावते, थांबत नाही. म्हणून आत्ताच सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा, मोजमापे आणि शिक्के नोंदवा, ज्याची हकीकत ठाऊक आहे असा एखादा जोड ठेवा आणि बाकीच्यांवर पैसा खर्च करू नका.

स्वेटरसाठी सोपा उपाय आहे. तो पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावा आणि उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली किमान आठवडाभर ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, अन्यथा गार लोकरीवर दव धरते. खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. क्रमांकाच्या कापडांना लावलेल्या पिना गंजून डाग पाडतात, त्या काढून वेगळ्या पाकिटात नोंदीसह ठेवाव्यात. प्रदर्शनात कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड नसावा.

तळघर मात्र लवकर रिकामे करा. आर्द्रतेचा आकडा ५० टक्क्यांच्या आसपास असणे चांगलेच, पण तो दिवसागणिक खालीवर होत राहणे लाकडाला आणि चामड्याला जास्त बाधते.

प्रतिसाद २

फक्त चित्रफितीबद्दल लिहितो. १६ मिलिमीटरची फीत १९२३ मध्ये बाजारात आली तीच मुळात सहज न पेटणाऱ्या अ‍ॅसिटेट या प्लास्टिकवर, त्यामुळे आगीची भीती नाही. पेट घेणारी नायट्रेटची फीत प्रामुख्याने ३५ मिलिमीटरची असते. व्हिनेगरचा वास म्हणजे अ‍ॅसिटेट विघटित होऊ लागले आहे, आणि त्यातून निघणारे आम्लच विघटनाला आणखी वेग देते. ती फीत इतर फितींपासून दूर ठेवा, हवा खेळेल अशा डब्यात घाला, आणि पडवीतून आत आणा. पडवीतील ऊन आणि दमट हवा हेच तिचे खरे शत्रू आहेत. ती घरच्या प्रोजेक्टरवर चालवू नका, आकसलेली फीत दातांवर फाटते. फितीच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी बारीक चिन्हे दिसली तर ती कोडॅकची आहे आणि चिन्हांवरून ती बनल्याचे वर्ष काढता येते. मात्र तीच चिन्हे वीस वर्षांनी पुन्हा वापरली गेली असल्यामुळे चित्रातील कपडे, मोटारी आणि बाइंडिंग पाहून दोन काळांपैकी कोणता ते ठरवावे लागते. अशा फिती वाचवण्यासाठी ना-नफा संस्थांना नॅशनल फिल्म प्रिझर्व्हेशन फाउंडेशन अनुदाने देत आले आहे, तिथे चौकशी करावी.

प्रतिसाद ३

मालकीचा प्रश्न आधी हाती घ्यावा, असे मी सुचवेन, कारण जी वस्तू आपली नाही ती देऊन टाकण्याचा अधिकारही आपल्याला नाही. ‘उसने’ असे लिहिलेल्या वस्तूंची वेगळी यादी करून जुनी इतिवृत्ते, पत्रव्यवहार आणि गावच्या वर्तमानपत्रातील देणगीच्या बातम्या यांच्याशी ती ताडून पाहा. अनेक राज्यांत संग्रहालयांकडे पडून राहिलेल्या उसन्या वस्तूंसाठी कायदा आहे. मालकाला किंवा वारसांना नोटीस, जाहीर सूचना आणि ठरावीक मुदत असा क्रम त्यात साधारणपणे असतो, पण तपशील राज्यागणिक बदलतात, म्हणून वकिलाचा सल्ला घ्यावा. ज्यांचा काहीच मागमूस नाही त्यांना ‘संग्रहात सापडलेली’ असा वेगळा दाखल क्रमांक द्यावा आणि तो सापडला त्या वर्षापासूनच सुरू करावा. अंदाजाने जुने वर्ष घालू नये. क्रमांक लाकडावर थेट लिहू नका. आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर, म्हणजे पुढे काढता येतो. कापडावर सुती फितीवर लिहून ती चार टाक्यांनी शिवावी.

यापुढे दानपत्राशिवाय काहीही स्वीकारू नका, आणि छायाचित्रे व फितींच्या बाबतीत स्वामित्वहक्काचे कलम त्यात अवश्य घाला. प्रदर्शनाच्या फलकावर ऑलिंपिकची पाच वर्तुळे छापणार असाल तर आधी परवानगी विचारा, अमेरिकेत त्या चिन्हाला कायद्याचे विशेष संरक्षण आहे.

काय ठेवावे याबाबत आमच्या मंडळाचा नियम असा आहे : जिची हकीकत ठाऊक आहे ती तुटकी वस्तूही राहते, आणि जिची हकीकत नाही ती उत्तम वस्तू नमुना म्हणून एकच राहते. बाकीच्या आधी दात्याच्या कुटुंबाला, मग शेजारच्या मंडळाला आणि शाळेला विचारून दिल्या जातात. विक्री करायचीच असेल तर ती कार्यकारिणीच्या ठरावाने आणि जाहीर रीतीने करावी, सदस्यांनी स्वतः विकत घेऊ नये.

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. फीत आत आणून वेगळ्या कपाटात ठेवली आहे, स्वेटर पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये गेला आहे, आणि वॉर्निशविरुद्धचे कारण पहिल्या प्रतिसादातील शब्दांतच कार्यकारिणीपुढे ठेवणार आहे.

एक प्रश्न उरतो. त्या टेकडीवर दोर चालवणारी आणि तिकिटे फाडणारी काही माणसे अजून गावात आहेत. त्यांना वस्तू दाखवून बोलते करायचे आहे, पण माझ्या प्रश्नांतून माझीच उत्तरे त्यांच्या तोंडी जाऊ नयेत, अशी काळजी वाटते. डागलेल्या नावाचा अंदाज त्यांना आधी सांगावा की स्की नुसतीच हातात द्यावी?

प्रतिसाद १

नुसतीच द्या, हातमोजे घालून धरायला सांगा आणि ध्वनिमुद्रण आधीच सुरू ठेवा. नाव त्यांनी स्वतः वाचले नाही, तर मुलाखतीच्या अगदी शेवटी विचारा आणि ते आपण सुचवल्याचे नोंदीत स्पष्ट लिहा.