पैसे भरून घानात ‘सेवा’: सिरिगूच्या भिंतींना आपली गरज आहे का?

उंबरठा:
भाचीचं आर्किटेक्चर आत्ताच संपलंय. नोकरी धरण्याआधी काही आठवडे उत्तर घानातल्या सिरिगू गावात स्वयंसेवक म्हणून जायचं म्हणतेय. एजन्सीचं पत्रक गुळगुळीत आहे: वारसा जपा, शाश्वत पर्यटनाला हातभार लावा. विमानाचं तिकीट सोडून फी लाखाच्या वर! घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते जाऊ दे, माझा विरोध.

सिरिगू बोल्गाटांगा शहराच्या पुढे, बुर्किना फासोच्या सीमेलगत. नानकानी लोकांची मातीची घरं. भिंती पुरुषांनी उभारायच्या, लिंपून रंगवायच्या मात्र बायकांनी. पिकं घरात आली की कोरड्या दिवसांत हे काम निघतं. लाल, काळा, पांढरा एवढेच रंग, तेही माती-दगडाचे. भिंत गुळगुळीत गोट्याने घोटायची, अजगर, मगर, गाय अशी चिन्हं काढायची आणि वरून दावादावा नावाच्या झाडाच्या शेंगांची टरफलं उकळून काढलेलं पाणी मारायचं, म्हणजे रंग धरून राहतो. तरी पावसाने धुपतंच, मग पुन्हा हात फिरवायचा.

आता मला सांगा, यात आमच्या भाचीने करायचं काय? जिला हे येतं ती बाई तिथेच बसलीय. तिला मजुरी द्या, काम होईल. लाखभर रुपये भरून तिच्या कामात लुडबूड करण्याला सेवा कसं म्हणायचं?

रानजाई:
असहमत. तुम्ही एजन्सी आणि गाव एकाच मापाने मोजताय. सिरिगूत बायकांची स्वतःची संस्था आहे, ‘स्वोपा’. मेलनी कासिसे यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली. मडकी, टोपल्या, भित्तिचित्रं, राहायला अतिथीगृह, शिकायचं असेल तर शिकवणीही. म्हणजे पाहुणे हवेत हे त्या बायकांनीच ठरवलंय. तुम्ही पुण्यात बसून त्यांच्या वतीने ‘नको’ म्हणणारे कोण?

आणि ‘मजुरी द्या, काम होईल’ म्हणता, पण देणार कोण? पत्रे आणि सिमेंट आलं की रंगवायला भिंतच उरत नाही. घर रंगवायचा खटाटोप कमी झाला तर मुली शिकणार कशासाठी? कोणीतरी लांबून बघायला येतं, पैसे मोजतं, म्हणून तर हात चालू राहतो.

अक्राकर:
घानाच्या राजधानीत, अक्रात नोकरी करतो, उत्तरेला अधूनमधून जाणं होतं. सिरिगूतलं नाही, दुसऱ्या एका गावातलं पाहिलेलं सांगतो. अंगणात एक आजी ओल्या लिंपणावर गोटा फिरवत होती. शेजारी एक परदेशी मुलगी. तिने एक रेघ ओढली, फोटो काढून घेतला आणि सावलीत जाऊन बसली. आजीने हात ओला करून ती रेघ पुसली, परत ओढली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. रोजचंच असावं.

त्या मुलीच्या फीमधले आजीला किती मिळाले ते मला माहीत नाही, पण हाच प्रश्न एजन्सीला विचारा. लेखी.

कुंपणावरचा:
नुसते पैसे पोचले की झालं असंही नाही. मालीतल्या जेन्नेचं उदाहरण घ्या. तिथली मातीची मशीद दरवर्षी अख्खं गाव मिळून लिंपतं, ‘बारे तोन’ या गवंड्यांच्या जुन्या संघटनेच्या देखरेखीखाली. १९८८ पासून जेन्ने जागतिक वारसा यादीत आहे. २००६ मध्ये आगा खान संस्थेतर्फे छताची तपासणी सुरू झाली आणि गावात दंगल पेटली. हेतू दुरुस्तीचाच होता. पण आमच्या मशिदीवर कोण चढलंय, कोणाला विचारून, हे लोकांना कळलंच नव्हतं.

रानजाई:
@कुंपणावरचा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. पुढे त्याच संस्थेच्या पैशाने जेन्नेच्याच गवंड्यांनी दुरुस्ती केली. म्हणजे बाहेरची मदत चालते, आधी विचारायला हवं, इतकंच. आमच्याकडे तेवढाच भाग वगळून ‘बघा, परके आले की वाटोळं’ असा सूर लागतो.

आणि आर्किटेक्ट मुलगी काही रेघा ओढायलाच जाणार का? घरांचे नकाशे काढायचे, कोणती भिंत कुठे धुपते याची नोंद ठेवायची, म्हाताऱ्या बायका सांगतील ती चिन्हं टिपून घ्यायची, ही कामं तिला येतात.

अक्राकर:
येतात, मान्य. पण काही आठवड्यांत? भाषा येत नाही, दुभाषा लागणार, त्याचे पैसे पुन्हा कोण देणार? नकाशे काढून पुण्यात आणले तर गावाच्या हाती काय? प्रत तिथेच ठेवणार असेल तर मी माझा विरोध मागे घेतो.

डबा ऐसपैस:
अवांतर: घानाला जायला यलो फीव्हरची लस सक्तीची. निदान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. लस घेतल्याचं पिवळं कार्ड जपून ठेवा. त्याशिवाय परत आलात तर इथे विमानतळावरून थेट ६ दिवस विलगीकरणात. आणि मार्च-एप्रिल टाळा, उन्हाने जीव नकोसा होतो.

वाघळी:
मी डहाणूकडची, वारली. लग्नाचा चौक आमच्यात सवाशिणी भिंतीवर लिहायच्या. सत्तरच्या दशकात चित्रं कागदावर आली, विकायला लागली आणि नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. पैसा आला, चांगलंच झालं, अनेक घरं उभी राहिली. पण बायकांच्या हातातलं काम बाजारात गेलं की पावती कोणाच्या नावावर फाटते, ते तुमच्या भाचीने बघून यावं. सिरिगूत संस्थाच बायकांची आहे, म्हणून मला तिथलं बरं वाटतं. माझं मत: जा, पण एजन्सी गाळा. अतिथीगृहात पैसे देऊन राहा आणि पैसे देऊनच शिका.

उंबरठा:
वाघळी, हे पटलं. शिष्या म्हणून जाणं मला चालेल. ‘सेवा’ या नावाखाली फी घेणं मात्र अजूनही खटकतं.

रानजाई:
म्हणजे तीच मुलगी, तेच गाव, तेच अंगण, फक्त पावतीवर ‘विद्यार्थिनी’ लिहिलं की तुम्ही खूश?

उंबरठा:
हो. कारण मग चुकलेली रेघ पुसायचा हक्क उघडपणे आजीचा राहतो, तोही भरपगारी.

कुंपणावरचा:
भाचीचं स्वतःचं म्हणणं काय आहे? धाग्यात सगळे बोलले, ती सोडून.

उंबरठा:
ती वाचतेय. एजन्सीला मेल टाकलाय म्हणते, फीमधले गावाला किती जातात म्हणून. उत्तरात सवलतीचं कूपन आलंय.