आईला घेऊन वेंगुर्ल्याकडे जायचंय: शांत पुळण आणि बसायला तळ्याचा काठ कुठे मिळेल?

मेघना, ठाणे

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन चार दिवस दक्षिण कोकणात जायचं ठरवलंय. आई बहात्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर दहा मिनिटं चालते, पायऱ्या मात्र आठ-दहाच्या वर नको वाटतात. बाबांना जाऊन सप्टेंबरमध्ये वर्ष झालं. लग्नानंतर बाबांनी तिला एकदाच वेंगुर्ल्याला नेलं होतं. बंदरावर बसून दोघांनी भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या, एवढंच तिला आठवतं, पण ते ती गेल्या वर्षभरात मला निदान वीस वेळा सांगून झाली आहे. तिला काही बघायचं नाहीये, पाण्याकडे तोंड करून नुसतं बसायचंय.

मागच्या वर्षी तिला एका गर्दीच्या किनाऱ्यावर नेलं होतं. लॉजवाल्याने फोनवर तळमजला सांगितला आणि गेल्यावर वरची खोली दिली. किनाऱ्यावर बोटींचे भोंगे, स्कूटरची घरघर. दुसऱ्या दिवशी आई खोलीतून बाहेरच आली नाही. तसं पुन्हा व्हायला नको.

गाडी नाही, ट्रेनने येऊ आणि तिथे रिक्षा किंवा गाडी ठरवू. पाण्यापर्यंत कमीत कमी चालावं लागेल अशी पुळण कुठली? आणि एखादा दिवस तळ्याकाठी घालवता आला तर कुठे?

भोगवेकर

मेघनाताई, मी भोगव्याचोच. आमची पुळण लांबच लांब, माणूस कमी. पण खरा सांगतंय, आवशीचे गुडघे दुखतत तर भोगवो वरसूनच बघा. परुळ्यासून येताना डोंगरार वळण लागता, थयसून कर्ली नदी, देवबागचो संगम आणि सगळी पुळण एकाच नजरेत दिसता. गाडयेत बसान बघूक गावता. खाली उतारलास तर सुक्या रेवेतसून चलाक लागता, पाय घोट्यापर्यंत रुततत. देवबागसून होडयेन येवक गावता, पण चढताना-उतारताना पाण्यात पाय घालूक लागता, तां त्यांका जमाचा नाय. निवतीचो किल्लो तर नकोच, चढण आसा.

सुनंदाबाई, आरवली

मेघना, "नुसतं बसायचंय" हे वाचलं आणि लिहायला बसले. माझी आई शेवटची चार वर्षं माझ्याकडे होती आणि तिलाही समुद्रावर नुसतं बसायचं असायचं. मी या तालुक्यात तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. बदल्या होत होत निवतीपासून रेडीपर्यंतच्या बहुतेक वाड्या पायाखालून गेल्या. भोगवेकरांनी सुक्या वाळूचं सांगितलं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला समुद्र त्रास देत नाही, सुकी वाळू देते. ओली वाळू अंगणासारखी घट्ट असते, त्यावर तुमची आई आरामात चालेल. म्हणून आधी पुळण ठरवू नका, आधी ओहोटीची वेळ काढा.

आमच्याकडे त्यासाठी जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास, ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. अष्टमीला उलटं, सकाळी-संध्याकाळी सहाला भरती आणि ओहोटी भर दुपारी. तेव्हा शक्य असेल तर तुमचे चार दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येला लागून घ्या. त्या दिवसांत पाणी सगळ्यात लांब मागे जातं, ऊन उतरलेलं असतं आणि ओली घट्ट वाळू सूर्य बुडेपर्यंत तुमचीच. अष्टमीला आलात तर संध्याकाळी पाणी वरपर्यंत आलेलं असेल आणि आईच्या वाट्याला फक्त भुसभुशीत वाळूचा पट्टा येईल.

दुसरी गोष्ट खुर्चीची. जिथे उतराल त्या घरातून प्लास्टिकची खुर्ची मागून घ्या, आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. पण ती तशीच वाळूत ठेवू नका. माझ्या आईला पहिल्यांदा बसवलं तेव्हा मागचे दोन पाय हळूहळू रुतत गेले आणि ती आकाशाकडे बघत मागे कलली. मी धरलं म्हणून पडली नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवायला बसायचे दोन पाट बरोबर नेऊ लागले. खुर्चीचे पुढचे पाय एका पाटावर, मागचे दुसऱ्यावर. घरात पाट नसले तर माडाची सुकी झावळ दुमडून खाली घालायची, तीही चालते. पायांखाली एक गोणपाट टाकलं की चपला काढून निवांत बसता येतं. आई तासन् तास बसायची. बोलायची नाही. मध्येच एखादी लाट जास्त वर आली की पाय उचलायची आणि मग माझ्याकडे बघायची.

आता जागा. तुमच्या आईसाठी मी पहिलं नाव घेईन ते वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याच्या सागरेश्वराचं. देवळापाशी रिक्षा येते, बाजूला सुरूचं बन आहे, सावली आहे. एखाद्या दिवशी वाळूत उतरावंसं वाटलं नाही तर सुरूखाली बसूनही समुद्र दिसतो. सुरूचा आवाज मात्र लाटेसारखाच येतो, पहिल्या दिवशी कुठला कुठून येतोय ते कळत नाही.

आमची आरवलीची पुळण, सागरतीर्थ, मी माझीच म्हणून सांगतेय असं समजू नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारी, माणसं आणि आम्ही गावचे, एवढेच असतो. आधी वेतोबाचं दर्शन घ्या. त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठमोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. आईंना ते आवडेल. शिरोड्याचं वेळागर जवळच आहे, पण शनिवार-रविवारी तिथे गाड्या असतात. जायचंच तर मंगळवार-बुधवारी जा. तिथून येताना शिरोड्याची मिठागरं रस्त्यावरून दिसतात. मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो इथेच. माझी आजी तेव्हा लहान होती. लाठ्या खाऊन आलेल्या माणसांना घरोघरी पेज दिली, हे ती सांगायची. मोचेमाडला खाली उतरू नका, वेंगुर्ला-शिरोडा रस्त्याच्या वळणावर गाडी थांबवून वरून बघा.

सकाळी लवकर गेलात तर रापण बघायला मिळेल. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. दोर ओढणारा मागे चालत जातो, शेवटाला पोचला की दोर सोडून पुन्हा पुढे पाण्यापाशी येतो. दीड-दोन तास हे चालतं. जाळं जवळ आलं की आधी पाणी तडतडायला लागतं, मग चांदीसारखं काहीतरी उसळतं, आणि तोवर वर घिरट्या घालणारे पक्षी खाली येतात. पेडवे, तारल्या, कधी बांगडे. पूर्वी एका रापणीला अख्खी वाडी पोट भरायची. आता पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या जाळ्याने थवेच्या थवे घेरणाऱ्या, आणि लाइट लावून मासे मारणाऱ्या बोटी बाहेरच्या बाहेर मासळी उचलतात आणि किनाऱ्यावर कधीकधी टोपलीभरसुद्धा येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, माझ्या वर्गातली निम्मी मुलं रापणकरांची होती. म्हणून विनंती: फोटो काढायच्या आधी विचारा, आणि मासळी तिथेच विकत घ्या.

आणि एक कळकळीने सांगते. शांत पुळण म्हणजे तिथे जीवरक्षक नाही, दुकान नाही, हाक मारली तर ऐकणारं कोणी नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्यांचे घाटावरचे पाहुणे दुपारी पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात होते. लाट परतताना पायाखालची वाळू गेली आणि एक मुलगा बघता बघता आत ओढला गेला. रापणीवाले नेमके दोर सुकवत होते म्हणून तो वाचला. त्या दिवसापासून मी भेटेल त्या पाहुण्याला सांगते की घोट्याच्या वर पाणी येऊ देऊ नका. गावचा माणूस जिथे आंघोळ करत नाही तिथे तुम्हीही करू नका.

तळ्याबद्दल: वालावल. दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, वालावलला जा. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, देवळाला लागून तळं, पलीकडे माडांची रांग. देवळातलं लाकडावरचं कोरीव काम बघायला म्हणून गेलेली माणसंसुद्धा शेवटी तळ्याकडे तोंड करूनच बसतात. दुपारी बाराच्या आधी गेलात तर पाण्यात माड उलटे दिसतात, इतकं पाणी स्तब्ध असतं. धामापूरचं तळं याहून मोठं, १५३० साली बांधलेलं, काठावर भगवतीचं देऊळ. २०२० मध्ये त्याला जगातल्या जुन्या सिंचन वारशांच्या यादीत मान मिळाला. सुंदर आहे, पण आईंच्या पायऱ्यांचा हिशोब बघता मी वालावलच सांगेन. परुळ्याकडे जाणारच असाल तर वाटेत पाटचं तळं लागतं, कमळं आणि पाणपक्षी. रिक्षा पाच मिनिटं थांबवा, बस.

सावंतवाडीकर

बाईंनी सगळं सांगितलंच आहे. एकच भर: पहिला मुक्काम सावंतवाडीत करा. रेल्वे स्टेशन गावाबाहेर मळगावात आहे, तिथून रिक्षाने मोती तलावावर या. तळं गावाच्या मधोमध, एका काठाला राजवाडा, कडेने सपाट फूटपाथ आणि बसायला बाकं. वाळू नाही, चढ नाही. रात्रीच्या प्रवासानंतर आईंना तिथे चहा घेऊन बसवा. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात ते बघता येईल आणि चितारआळीत लाकडी फळं मिळतात, तीही जवळच.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. होडीत बसूनच सगळं बघायचं असतं. चढायला हात देतात, पण आधी फोन करून भरतीची वेळ विचारून जा, पाणी कमी असलं की होडी आत जात नाही.

मेघना, ठाणे

सुनंदाबाई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. पाटांचं ऐकून ती म्हणाली, "आपल्याकडचे दोन घेऊनच जाऊ." एक विचारायचं राहिलं, जरा अवघड वाटतं पण विचारते. आईला तास-दीड तासाने बाथरूमला जावं लागतं. अशा निर्जन ठिकाणी काय करायचं? आणि वायंगणीला कासवं दिसतात असं वाचलं, ती जानेवारीत असतात का?

सुनंदाबाई, आरवली

यात अवघड काही नाही, हे विचारलंत ते बरं केलंत. पुळणीपासून चालत दोन मिनिटांवर घर असेल अशाच ठिकाणी उतरा, आणि खोली ठरवताना फोनवर दोनच गोष्टी विचारा: संडास खोलीला लागून आहे का, आणि कमोड आहे का. फोटो मागवून घ्या. दुसऱ्या किनाऱ्यावर गेलात तर जवळच्या घरात जाऊन सरळ सांगा, "आईला जरा आत जायचंय." या किनाऱ्यावरच्या बायका पाणीसुद्धा विचारतील.

कासवांच्या माद्या थंडीत रात्री अंडी घालायला येतात. एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी. गावची माणसं ती उचलून कुंपणात पुरतात आणि पिल्लं पंचेचाळीस ते साठ दिवसांनी निघतात. म्हणजे पिल्लं बघायची तर फेब्रुवारी संपताना किंवा मार्चमध्ये या. जानेवारीत काही दिसलं नाही तर रात्री टॉर्च घेऊन शोधायला जाऊ नका, उजेड दिसला की मादी अंडी न घालता परत फिरते.

मेघना, ठाणे

आम्ही परवा परत आलो. पुढे कोणी हा धागा वाचेल म्हणून लिहितेय.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोचलो. पहिली संध्याकाळ मोती तलाव, मग तीन रात्री उभादांड्याला एका घरात. सव्वापाचला सागरेश्वराच्या पुळणीवर पाणी खरंच इतकं मागे गेलं होतं की आई रिक्षातून उतरून म्हणाली, "समुद्र कुठाय?" सुक्या वाळूचा पट्टा तिने माझा आणि रिक्षावाल्या दादांचा हात धरून पार केला, चाळीसेक पावलं असतील. पुढे ती एकटी चालली. ठाण्याहून नेलेले दोन पाट, त्यावर घरमालकिणीची निळी खुर्ची. वेंगुर्ल्याच्या बाजारातून भुईमुगाच्या शेंगा घेतल्या होत्या. तिने त्या सोलून अर्ध्या मला दिल्या, अर्ध्या ओच्यात ठेवल्या आणि अंधार पडेपर्यंत बसली. बाबांबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

वालावलला दोन तास बसलो. एका आजोबांनी तळ्यातल्या माशांना घालायला चुरमुरे दिले.

एक सूचना: कुडाळहून वालावलला जाताना रिक्षा परतीचीच ठरवा. आम्ही एकेरी ठरवली आणि येताना एसटीची वाट बघत तासभर फाट्यावर थांबलो. आईला बसायला पाट होता म्हणून निभावलं.