मदत हवी आहे : हळदीच्या पाकिटावरचा क्यूआर जुन्या साईटवर जातोय, नवीन पेजवर कसा वळवू?

गणपतीपेठकर
नमस्कार मंडळी. सांगलीत गणपती पेठेत काकांचं हळद-बेदाण्याचं दुकान आहे आणि वेबसाईटचं सगळं माझ्या गळ्यात पडलंय कारण घरात कॉम्प्युटरचं कळणारा मीच म्हणे (शिक्षण बीकॉम). जुनी साईट डॉट कॉमवर होती, पीएचपीत (साईट बनवायची एक भाषा) कुणाकडून तरी करून घेतलेली, प्रत्येक मालाच्या पेजचा पत्ता म्हणजे प्रॉडक्ट डॉट पीएचपी मग प्रश्नचिन्ह मग आयडी बरोबर ७, आयडी बरोबर १२ असा. त्या डोमेनचं स्पेलिंग गिऱ्हाईकाला फोनवर सांगता सांगता जीव जायचा म्हणून आता छोटं डॉट इन घेतलं आणि नवीन साईट वर्डप्रेसवर केली. ती झ्याक चाललीय.

गोची पाकिटांची आहे. पाऊचवर क्यूआर छापलेत, राजापुरी हळद पावडरचा वेगळा, लेकुरवाळी हळकुंडाचा वेगळा, हिरव्या बेदाण्याचा वेगळा, आणि प्रत्येकात जुन्या साईटवरच्या त्या त्या पेजचा पत्ता आहे. पाऊचचे रोल छापायचे म्हणजे सिलेंडरचा (छपाईच्या साच्याचा) खर्च लई येतो त्यामुळं आहेत ते रोल संपेपर्यंत काका नवीन काढणार नाहीत, आणि दुकानांत गेलेला माल तर परत बोलवताच येत नाही.

सीपॅनेलमध्ये (होस्टिंगवाल्याचं कंट्रोल पॅनेल) रिडायरेक्ट्स, म्हणजे एका पत्त्यावरनं दुसऱ्यावर वळवणं, म्हणून आहे तिथनं जुनं डोमेन नव्याला जोडलं, वाईल्ड कार्डवर (आतली सगळी पेजं पण वळवायची) टिक करून. होमपेज बरोबर गेलं पण क्यूआर स्कॅन केला की नवीन साईटवर "पेज सापडलं नाही". मग एचटीअॅक्सेस फाईलमध्ये (सर्व्हरला सूचना द्यायची फाईल) रिडायरेक्ट ३०१ (कायमचं वळवणं) लिहून पुढं प्रश्नचिन्ह-आयडी-७ सकट पत्ता दिला, काहीच फरक नाही. प्रश्नचिन्हापासनं पुढचं काढून टाकलं तर आता सगळीच पाकिटं हळद पावडरच्या पेजवर जातायत, बेदाण्याचं सुद्धा, आणि पत्त्याच्या शेपटीला आयडी बरोबर १२ तसंच लटकलेलं. काय चाललंय हे?

मिरज_जंक्शन
एवढं डोकं कशाला लावतोस भावा, सगळं होमपेजवर टाक. ज्याला बेदाणा पाहिजे तो शोधेल की.

कृष्णाकाठ
@मिरज_जंक्शन तसं नका सांगू. एक तर पाकीट हातात धरून स्कॅन करणारा माणूस होमपेजवर शोधत बसत नाही, बंद करतो. आणि दुसरं म्हणजे जुनी सगळी पेजं सरसकट होमपेजवर ढकलली की गूगल त्याला सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे पेज नाहीच असं समजतं, जुन्या पेजांनी गूगलवर कमावलेलं सगळं पाण्यात.

गणपतीपेठकर, तुमचा घोळ असा आहे. एचटीअॅक्सेसमधलं साधं रिडायरेक्ट फक्त प्रश्नचिन्हाच्या अलीकडचा पत्ता बघतं. आयडी बरोबर ७ हा भाग क्वेरी स्ट्रिंग, तो जुळवण्यात धरलाच जात नाही. त्यामुळं प्रश्नचिन्हासकट लिहिलेली ओळ कशालाच लागू होत नव्हती. प्रश्नचिन्ह काढल्यावर लागू झाली पण सगळ्यांनाच, कारण फाईल एकच आहे ना, प्रॉडक्ट डॉट पीएचपी. आणि क्वेरी स्ट्रिंग अपाची (साईट चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) आपणहून नवीन पत्त्याला चिकटवतं, ती तुमची शेपटी.

उपाय रिराइटचा, म्हणजे अट घालून पत्ता वळवायचा. आधी रिराइटकंड लावून क्वेरी स्ट्रिंगमध्ये आयडी ७ आहे का ते तपासायचं, खालच्या रिराइटरूलमध्ये नवीन पत्ता, आणि शेवटी चौकटी कंसात आर बरोबर ३०१, एल, क्यूएसडी. क्यूएसडीनं शेपटी गळते, अपाची २.४ पासनं चालतं. फाईलच्या नावाआधी तिरकी रेघ देऊ नका, एचटीअॅक्सेसमध्ये मग जुळत नाही. आणि ७ च्या पुढं शेवट नीट बांधा नाहीतर ७० आणि ७१ पण त्यातच घुसतील. (मोबाईलवर मराठी कीबोर्डनं लिहितोय म्हणून कोड तोंडीच सांगतोय, सांभाळून घ्या.)

पेठ_नाका
होस्टिंग नक्की अपाचीच आहे ना ते बघा आधी. एनजिनएक्सवर (दुसरं सर्व्हर सॉफ्टवेअर) एचटीअॅक्सेस कुणी वाचत पण नाही.

गणपतीपेठकर
साधी ओळ लागू झाली म्हणजे एचटीअॅक्सेस वाचलं जातंय. @कृष्णाकाठ दादा, कळलं पण माल चाळीसच्या आसपास आहे, प्रत्येकाला दोन दोन ओळी लिहू का? आणि ते शेवट बांधायचं केलं तर क्यूआरवरनं चालतंय, पण काकांनी फेसबुकवर टाकलेल्या जुन्या लिंका चालत नाहीत.

विश्रामबाग_ताई
फेसबुक लिंकच्या शेवटी स्वतःचं एफबीसीएलआयडी (क्लिक ओळखायची खूण) चिकटवतं. तुम्ही "आयडी ७ आणि तिथंच संपलं" असं लिहिलंय म्हणून जुळत नाहीये. आयडीच्या मागं सुरुवात किंवा अँड चिन्ह, पुढं अँड चिन्ह किंवा शेवट, असं लिहावं लागेल.

पण चाळीस मालांसाठी मी एचटीअॅक्सेसच्या नादाला लागलेच नसते. जुनं होस्टिंग अजून चालू आहे ना? मग जुनी प्रॉडक्ट डॉट पीएचपी बाजूला ठेवा आणि त्याच नावाची नवी फाईल बनवा. आत एक यादी, डाव्या बाजूला आयडी उजव्या बाजूला नवीन पेजचा पूर्ण पत्ता. आलेला आयडी यादीत असला की हेडर फंक्शननं लोकेशन पाठवायचं आणि लगेच एक्झिट. फेसबुकची शेपटी पण आपोआप सुटते कारण तुम्ही फक्त आयडी वाचताय. हेडरला तिसऱ्या जागी ३०१ द्यायला विसरू नका, नुसतं लोकेशन दिलं तर पीएचपी ३०२ पाठवतं, म्हणजे तात्पुरतं. यादीत नसलेला आयडी आला तर सरळ ४०४ (पेज सापडलं नाही) द्या, किंवा तो मालच बंद केला असेल तर ४१० (कायमचं काढलं).

"हेडर्स ऑलरेडी सेंट" असा एरर आला तर पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी एखादी रिकामी ओळ किंवा स्पेस राहिलीय का बघा, नाहीतर नोटपॅडनं फाईल बीओएमसकट (फाईलच्या अगदी सुरुवातीची एक खूण) सेव्ह केलेली असते, ते डोळ्यांना दिसत पण नाही.

एचटीअॅक्सेसमधल्या आधीच्या ओळी आणि सीपॅनेलचं वाईल्ड कार्ड काढा हां, नाहीतर तुमच्या फाईलपर्यंत कुणी पोचणारच नाही.

कृष्णाकाठ
ताईंचा उपाय तुमच्यासाठी माझ्यापेक्षा सोपा. फक्त टेस्टिंग ३०२ वर करा, सगळं जुळलं की मग ३०१. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, चुकीचा एकदा बसला की तुम्ही फाईल सुधारली तरी तुमच्या फोनवर तेच जुनं दिसत राहतं.

गणपतीपेठकर
आयला हेच होत होतं काल! मी म्हटलं फाईल सेव्हच होत नाही. इनकॉग्निटोमध्ये बघितलं तर बरोबर जातंय.

ताई, तुमच्या पद्धतीनं फाईल केली, हळद हळदीवर बेदाणा बेदाण्यावर, एकदम ओके. आता अजून एक. जुन्या साईटवर हरिपूरच्या पेवांवर एक पेज होतं, साधं एचटीएमएल, जमिनीखाली हळद साठवायची ती पेवं. गूगलवरनं सगळ्यात जास्त माणसं त्याच पेजवर येतात, शाळेचे प्रोजेक्टवाले जास्त करून, हळद कुणी घेत नाही त्यातलं. त्याला काय करू? आणि जुनं डोमेन पुढच्या वर्षी सोडून दिलं तर चालेल ना, काका विचारतायत दोन दोन डोमेनचे पैसे कशाला.

विश्रामबाग_ताई
पेवाच्या पेजला प्रश्नचिन्ह नाही, तिथं तुमची साधी रिडायरेक्ट ३०१ ओळ पुरते. मजकूर नवीन साईटवर आणा आणि तिकडं वळवा, ते पेज टाकू नका.

पेठ_नाका
डोमेन अजिबात सोडू नका!! काकांना सांगा, पाकीट बाजारात आहे तोपर्यंत डोमेन आपलं पाहिजे. उद्या दुसऱ्या कुणी ते घेतलं आणि त्यावर जुगाराची साईट टाकली तर तुमच्या हळदीच्या पाकिटावरनं गिऱ्हाईक थेट तिथं. गूगलच्या हिशोबानं रिडायरेक्ट निदान १ वर्ष ठेवायचं असतं, पण तुमचं गणित गूगलवर नाही, रोलवर आहे. सर्च कन्सोलमध्ये (साईटवाल्यांसाठीचं गूगलचं टूल) दोन्ही डोमेन जोडून पत्ता बदलल्याचं पण कळवून टाका.

आणि क्यूआरमध्ये एचटीटीपीएस आहे का? असेल तर जुन्या डोमेनचं एसएसएल (सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट) पण चालू पाहिजे. ब्राउझर आधी सर्टिफिकेट तपासतो, मग रिडायरेक्ट वाचतो. ते संपलं तर गिऱ्हाईकाला वळवायच्या आधीच लाल इशारा दिसणार.

गणपतीपेठकर
एचटीटीपीएसच आहे. बघितलं, सर्टिफिकेट आपोआप रिन्यू होतंय. काकांना जुगाराचं सांगितल्यावर लगेच म्हणाले पाच वर्षांचे भर पैसे.

कृष्णाकाठ
पुढचे रोल काढाल तेव्हा क्यूआरमध्ये मालाच्या पेजचा पत्ता घालूच नका. आपल्याच डोमेनवर छोटा पत्ता ठेवा, तिरकी रेघ क्यू तिरकी रेघ ७ असा, आणि तो कुठं जायचं ते आतनं ठरवा, ३०२ नं. उद्या साईट परत बदलली तरी सिलेंडर तेच. फुकटात क्यूआर बनवून देणाऱ्या काही साईट मधे स्वतःची लिंक घालतात आणि मुदत संपली की पैसे मागतात, तसला घेऊ नका.

मिरज_जंक्शन
हे सगळं ठीक आहे पण हिरवा बेदाणा काय भाव चाललाय?

गणपतीपेठकर
@मिरज_जंक्शन इथं जाहिरात चालत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नाहीतर पाकीट स्कॅन करा, आता जातंय बरोबर पेजवर 😀