गझेनियाची पानंच वाढतायत, बुडही कुजतंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंब्याला राहतो. डिसेंबरात नर्सरीतून 'डेझी' म्हणून सहा रोपं आणली, ती गझेनिया निघाली. कुंड्या गच्चीवर, दिवसभर ऊन.

पहिला घोळ माझाच. सकाळी ८ ला गोकुळ शिरगावला कामावर जातो, परत यायला ६. जाताना फुलं मिटलेली, येतानाही मिटलेली. रोग पडला समजून दोनदा कडुलिंबाचं तेल फवारलं! मग एका रविवारी आई म्हणाली, "अरे, बाराला वर जाऊन बघ." बघतो तर नारिंगी फुलं टकाटक उघडलेली. ऊन उतरलं की मिटतात. आई रोज मिरच्या वाळत घालायला वर जाते, तिला कधीचं माहीत. "तू विचारलंस कुठं?"

खरी अडचण आता आहे. पाला दाट, पण सहा रोपांत मिळून आठवड्याला दोन-तीनच फुलं. दोन रोपांची पानं बुडाशी काळी पडलीत, ओढली की हातात येतात. माती म्हणजे शिरोळच्या मामाच्या शेतातला पोयटा आणि निम्मं कारखान्याचं मळीखत (गुलाबाला हेच मानवलंय). पाणी रोज संध्याकाळी, वरूनच.

आत्ता फुलावर असताना माती बदलली तर चालेल का? आणि पावसाळ्यात काय करता? आडोशाला ऊन नाही, उघड्यावर ठेवलं तर कुजणार.

प्रतिसाद
लगेच बदला. हे दक्षिण आफ्रिकेतलं, कोरड्या जमिनीतलं झाड. खायला जास्त घातलं की नुसता पाला काढतं, आणि पोयटा पाणी धरून ठेवतो. पन्हाळ्याकडची तांबडी माती दोन भाग, जाड वाळू एक भाग, कंपोस्ट मूठभर. लावताना पानांचा बुडखा मातीत पुरू नका. कुजलेली रोपं मातीसकट टाका. पाणी सकाळी, बुडाशी, तेही वरची माती बोटाला कोरडी लागली तरच.

पावसाळ्यात जपायचा नाद मी सोडला. ढगाळ दिवसांत फूल उघडतच नाही, मग कुंडी सांभाळायची कशाला? मे महिन्यात म्हातारीसारखं बी धरतो, ऑक्टोबरात पेरतो. बी मातीनं झाका, उजेडात नीट उगवत नाही. रंग मात्र तोच येईल असं नाही.

धागाकर्ता
आभारी आहे. बांधकामातली वाळू उरलीय, ती चालेल?

प्रतिसाद
सिमेंट लागलेली नसेल तर चालेल. बारीक चाळून टाका, वरची जाड तेवढी घ्या आणि दोन पाण्यांनी धुवा.