नांग्या भराव्यात की मळा मोडावा? शातो मार्गो आणि आपली बाग

पांझराकाठ:
राम राम मंडळी. साक्री तालुक्यात शिराझ या वाइनच्या द्राक्षाचा 18 वर्षांचा प्लॉट आहे. डॉगरिज खुंट (ज्या मुळाच्या झाडावर कलम केलंय ते), अंतर 9 बाय 5 फूट. जागोजागी नांग्या, म्हणजे मेलेल्या वेलींच्या रिकाम्या जागा, पडल्यात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या शातो मार्गोसारखे वाइनचे मळे बाग न मोडता नवी कशी करतात? इथे जमेल का?

तापीखोरे:
भाऊ, मार्गोचं 2015 चं वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टरचं बांधकाम सगळ्यांना ठाऊक असतं, पण खरी सुधारणा त्याआधीची, जमिनीतली. बोर्दोच्या वाइनच्या 1855 च्या प्रतवारीत पहिल्या श्रेणीतला हा मळा 1970 च्या दशकात पार घसरला होता. 1977 मध्ये आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी तो घेतला आणि पैसा आधी निचऱ्याच्या चरांत आणि नव्या लागवडीत घातला. सल्लागार वाइनतज्ज्ञ एमिल पेनो. पाव्हियों रूज ही दुय्यम वाइनही पुन्हा उभी केली. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं: कोवळ्या वेलींचा माल तिकडे वळतो, मुख्य वाइनचा कस टिकतो.

खुंटकलम:
तिकडे हेक्टरी 10,000 पर्यंत वेली. तुमच्या अंतरावर एकरी 968 च बसतात, म्हणून एकेक नांगी महागात पडते.

जानेवारी-फेब्रुवारीत 2 फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. जुनी मुळं वेचून काढा, त्यांवर सूत्रकृमी (मुळांवर जगणारे बारीक कृमी) टिकून राहतात. खुंट लावा, ऑगस्ट-सप्टेंबरात काडी पेन्सिलीएवढी झाली की जागेवरच कलम. शेजारची वेल पाणी ओढून घेते, तेव्हा रोपाला ड्रिपर स्वतंत्र हवा. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातल्या मोठ्या छाटणीनंतर) मांडव उघडा पडतो, रोपाला ऊन मिळतं. पण खानदेशचं एप्रिल-मेचं ऊन कोवळं खोड भाजतं. पश्चिमेकडून शेडनेटचा तुकडा बांधा, बुंध्याशी पाचट टाका.

आणि बोद (ओळीतला मातीचा उंचवटा) चढवताना कलमाचा जोड मातीत गाडू नका. गाडला की शिराझलाच मुळं फुटतात, मग डॉगरिज लावून उपयोग काय?

पांझराकाठ:
तोडणी वेगळी कशी करायची, दादा?

तापीखोरे:
नव्या वेलींच्या खोडाला रंगीत पट्टी बांधा. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, दोन्हींचा वेगळा मोजा, कोवळ्या वेलीवर घड कमी ठेवा. वायनरीत लहान टाकी मागून घ्या, नाहीतर सगळा माल एकत्र होतो. बोर्दोच्याच शव्हाल ब्लां या मळ्याने 2011 च्या नव्या वायनरीत 52 काँक्रीट टाक्या बसवल्या, त्या प्लॉटवार माल वेगळा ठेवायलाच.

खुंटकलम:
एक मात्र बघा. चौथा हिस्सा नांग्या असतील तर भरत बसू नका, मोडा. आणि मोडल्यावर लगेच लावू नका. बोर्दोतही जमीन काही वर्षं पडीक ठेवतात, कारण फॅनलीफ विषाणू पसरवणारे सूत्रकृमी जुन्या मुळांवर जगतात. तोवर ताग घेऊन गाडा.