इंग्लंडमधील जीसीएसई : इयर ९ मध्ये विषय निवडताना पालकांनी काय समजून घ्यावे?

गोदाकाठ

नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे असून नोकरीनिमित्त अलीकडेच रेडिंगला स्थायिक झालो आहोत. मुलगी येथील एका सरकारी माध्यमिक शाळेत इयर ९ मध्ये (वय तेरा-चौदा) आहे. पुढील दोन वर्षे ती जीसीएसईचा, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या, आपल्या दहावीसारख्या परीक्षेचा अभ्यास करील आणि त्यासाठीच्या विषयनिवडीचा अर्ज मार्चअखेर शाळेला द्यायचा आहे. शाळेने एक रंगीत पुस्तिका दिली आहे. तीत प्रत्येक विषयाचे गुणगान भरपूर आहे, परंतु आम्हा पती-पत्नींना जे समजून घ्यायचे आहे ते तीत सापडत नाही.

आम्ही दोघेही राज्य मंडळातून दहावी झालो. ठरलेली पुस्तके, ठरलेले धडे, सहाशेपैकी गुण आणि शेवटी एक टक्केवारी, एवढाच आमचा हिशेब. येथे क्रमिक पुस्तक कोणते, असे विचारले तर शिक्षक एखाद्या संकेतस्थळाचे नाव सांगतात. मुलगी गणिताच्या तिसऱ्या सेटमध्ये (पातळीनुसार पाडलेल्या गटात) आहे, तिला परीक्षेचा सोपा स्तर ‘फाउंडेशन’ मिळेल की कठीण स्तर ‘हायर’ हे पुढे ठरेल, असे कळले. विज्ञानासाठी शाळेने परस्पर ‘कम्बाइन्ड’ लिहून टाकले आहे. पुढे अभियांत्रिकीला जायचे झाल्यास यामुळे वाट अडेल का? कम्प्युटर सायन्स घेणे आवश्यक आहे का? आणि सर्वांत मुख्य म्हणजे, नाशिकला तिचे आजोबा दर रविवारी विचारतात की दहावीला किती टक्के अपेक्षित आहेत. त्यांना काय उत्तर द्यावे?

त्रिज्या

मी इंग्लंडमधील एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे गणितापासून आरंभ करते. आणि आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्टही माझ्या मते तीच आहे.

आजोबांना सांगण्याजोगी टक्केवारी येथे नसतेच. प्रत्येक विषयाला ९ ते १ अशी स्वतंत्र श्रेणी मिळते, ९ ही सर्वोच्च. सर्व विषयांची बेरीज करून एक आकडा काढण्याची पद्धत नाही आणि कोणतेही कॉलेज तो मागत नाही. ४ या श्रेणीला साधी उत्तीर्णता आणि ५ ला भक्कम उत्तीर्णता मानतात. कोणत्या गुणांना कोणती श्रेणी द्यायची, हे पेपर तपासून झाल्यावर दर वर्षी नव्याने ठरते. म्हणून मुलीने घरी येऊन सराव परीक्षेत पंचावन्न टक्के मिळाल्याचे सांगितले तर आपल्या दहावीच्या मापाने घाबरून जाऊ नये. गणिताच्या हायर पेपरमध्ये ४ श्रेणीची सीमा अनेक वर्षी पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिली आहे, आणि पंचावन्न टक्क्यांना बऱ्यापैकी वरची श्रेणी मिळते.

आता फाउंडेशन आणि हायर यांविषयी. एडेक्सेल आणि एक्यूए या परीक्षा मंडळांच्या गणिताचे तीन पेपर असतात, प्रत्येकी दीड तासाचे आणि ८० गुणांचे. पहिल्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, उरलेल्या दोहोंना चालतो. तिन्ही पेपर एकाच स्तराचे द्यावे लागतात. फाउंडेशन घेतल्यास कितीही चांगले लिहिले तरी ५ च्या वर श्रेणी मिळत नाही, मग २४० पैकी २४० का पडेनात. हायरमध्ये ९ ते ४ श्रेणी असतात, ४ थोडक्यात हुकल्यास ३ देतात, आणि त्याहूनही खाली गेल्यास काहीच मिळत नाही. ए-लेव्हलला (जीसीएसईनंतरच्या, आपल्या अकरावी-बारावीसारख्या टप्प्याला) गणित घ्यायचे असेल तर कॉलेजे साधारणपणे ६ किंवा ७ मागतात. अभियांत्रिकीसाठी ए-लेव्हलचे गणित जवळपास अपरिहार्य आहे. याचा अर्थ असा की आपल्या मुलीला जो निर्णय खरोखर अडवू शकतो, तो या रंगीत पुस्तिकेत नाही. तो पुढच्या दोन वर्षांत गणित विभागात, बहुधा आपल्याला न विचारता, घेतला जाणार आहे.

तिसरा सेट म्हणजे फाउंडेशन, असे गृहीत धरू नका. काही शाळांत चौथ्या सेटपर्यंत हायर शिकवतात, काही शाळांत दुसऱ्याच सेटपाशी रेघ ओढतात. फाउंडेशनच्या शेवटचे आणि हायरच्या सुरुवातीचे काही प्रश्न तर अक्षरशः तेच असतात. पण वर्गसमीकरणाचे सूत्र, वर्तुळाची प्रमेये, करणी, साइन व कोसाइनचे नियम हे फक्त हायरच्या वर्गात शिकवले जाते. इयर ११ च्या जानेवारीत स्तर बदलायचे ठरवले तर हे सारे त्या थोड्या आठवड्यांत कसे शिकवायचे, हा प्रश्न दर वर्षी माझ्यासमोर येतो, आणि त्याचे चांगले उत्तर नसते. म्हणून आत्ताच विचारा.

भारतातून आलेल्या मुलांची आकडेमोड सहसा उत्तम असते. ती अडतात ती शब्दांत. चार गुणांच्या प्रश्नात तीन वाक्यांचा प्रसंग असतो, आणि पद्धतीला स्वतंत्र गुण असतात. अंतिम उत्तर चुकले तरी पायऱ्या लिहिल्या असतील तर चारांपैकी तीन गुण मिळू शकतात. तोंडी हिशेब करून केवळ उत्तर लिहिणारी हुशार मुले येथे हकनाक मार खातात.

पावसाळी_दुपार

त्रिज्या यांनी गणिताचे सर्व सांगितले आहे. माझ्या मुलाची परीक्षा नुकतीच झाली, त्या अनुभवावरून विज्ञान आणि इंग्रजी यांविषयी लिहिते.

‘कम्बाइन्ड’ म्हणजे कमी प्रतीचे विज्ञान, हा समज आपल्या लोकांत फार पसरलेला आहे. त्यातही जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे तिन्ही विषय असतात. मात्र त्यांची मिळून दोन जीसीएसई धरली जातात आणि निकाल ७-६ अशा जोडीने लागतो. ‘ट्रिपल’मध्ये तीन स्वतंत्र विषय, तीन स्वतंत्र श्रेणी आणि प्रत्येकात काही जादा घटक. कम्बाइन्ड करून ए-लेव्हलला भौतिकशास्त्र घेता येते. कॉलेजे बहुधा ६-६ किंवा ७-७ मागतात. फरक पडतो तो पुन्हा स्तराचाच. कम्बाइन्डचे सर्व पेपर एकाच स्तराचे असतात आणि फाउंडेशनची मजल ५-५ पर्यंतच जाते. तेव्हा ट्रिपलसाठी भांडण्याआधी कम्बाइन्ड हायर मिळणार का, याची खात्री करून घ्यावी. काही शाळांत ट्रिपल घेतल्यास एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो, तेही विचारावे.

प्रात्यक्षिकांचे वेगळे गुण येथे नाहीत. आपल्याकडे विज्ञानाला प्रात्यक्षिकाचे वीस गुण असत आणि ते बहुतेक मुलांना भरघोस मिळत. तसा आधार येथे नाही. मुले वर्गात ठरावीक प्रयोग करतात आणि त्यांवरचे प्रश्न लेखी पेपरात येतात, किमान पंधरा टक्के गुणांचे. प्रयोगाच्या दिवशी मूल आजारी पडले तर तो प्रयोग नंतर समजून घेतला आहे का, एवढे तरी घरी विचारावे.

इंग्रजी हे दोन वेगळे विषय आहेत, हे आम्हाला फार उशिरा उमगले. इंग्रजी साहित्यात शेक्सपिअरचे एक नाटक, एकोणिसाव्या शतकातील एक कादंबरी, एक आधुनिक नाटक किंवा कादंबरी आणि कविता असतात. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही, त्यामुळे अवतरणे पाठ करावी लागतात. हे आपल्या मुलांना जमते. इंग्रजी भाषेच्या पेपरला मात्र पाठ्यपुस्तकच नाही. पूर्वी कधीही न पाहिलेला उतारा समोर येतो. एक्यूए या मंडळाच्या पहिल्या पेपरात पाचव्या प्रश्नाला ८० पैकी ४० गुण असतात, आणि तेथे चित्र पाहून वर्णन करा किंवा कथा लिहा, एवढेच सांगितलेले असते. त्यांतले २४ गुण आशय व मांडणीला आणि १६ गुण शुद्धलेखन, विरामचिन्हे व वाक्यरचनेला. आपण ज्याला ‘निबंध पाठ करणे’ म्हणतो त्याचा येथे उपयोग होत नाही. मुलीला रोज थोडे इंग्रजी गद्य वाचायला लावा, मग ते वर्तमानपत्र असो वा प्रवासवर्णन. गणित व इंग्रजी भाषा या दोन विषयांत ४ श्रेणी मिळाली नाही तर वयाच्या सोळाव्या वर्षानंतरही ते विषय सुरूच ठेवावे लागतात, हे लक्षात असू द्यावे. फेरपरीक्षा नोव्हेंबरात होते, तीही या दोनच विषयांची.

ग्लासगोकर

एक छोटी सूचना. वरील सर्व माहिती इंग्लंडपुरती आहे. येथे स्कॉटलंडमध्ये जीसीएसई नसते; मुले एस४ मध्ये (माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षी) नॅशनल ५ आणि एस५ मध्ये हायर देतात, आणि येथील ‘हायर’ ही वेगळी परीक्षा आहे, गणिताचा स्तर नव्हे. वेल्समध्ये जीसीएसई आहे, परंतु तेथील श्रेणी अजून अक्षरांत आहेत. नातेवाईक तिन्ही ठिकाणी विखुरलेले असले की फोनवरून मिळणारे सल्ले गोंधळात भर घालतात, म्हणून लिहिले.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजोबांना ‘टक्के नसतात’ हे सांगितले. त्यांचा विश्वास बसलेला नाही.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली, शाळा फ्रेंच घेण्याचा आग्रह धरते आहे. मुलगी नाशिकला हिंदी आणि संस्कृत शिकली, फ्रेंच मात्र येथे आल्यावर सुरू झाले आणि वर्गातील इतर मुले तिच्या पुढे आहेत. मराठी किंवा हिंदी घेऊन जीसीएसई करता येईल का? दुसरी, कम्प्युटर सायन्सचे उत्तर राहिले. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये असल्याने तो विषय असावा असे मला वाटते. तिला मात्र भूगोल हवा आहे.

अनुस्वार

मी शनिवारी भरणाऱ्या मराठी वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवतो, त्यामुळे पहिला प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मराठीची जीसीएसई नाही. हिंदीचीही सध्या नाही. केंब्रिजची आयजीसीएसई (जीसीएसईची आंतरराष्ट्रीय आवृत्ती) हिंदीत आहे, पण सरकारी शाळा तिची सोय करण्याची शक्यता कमी. गुजराती, पंजाबी, बंगाली आणि उर्दू यांच्या जीसीएसई आहेत, कारण ते बोलणारे समाज येथे मोठे आणि जुने आहेत. मराठी वर्ग मुलीसाठी जरूर सुरू ठेवा, पण प्रमाणपत्राच्या आशेने नव्हे.

परकीय भाषा या टप्प्यावर कायद्याने सक्तीची नाही. पुस्तिकेत ‘ईबॅक’ असा शब्द दिसेल. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल आणि एक भाषा, असा तो विषयांचा संच आहे आणि तो शाळेची कामगिरी मोजण्यासाठी काढलेला होता; हा मापदंड रद्द करण्याचे सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. विद्यार्थ्याला त्याचे वेगळे प्रमाणपत्र मिळत नाही. शाळेच्या आग्रहामागे शैक्षणिक हेतू असेलही, परंतु या मापदंडाची सवयही असू शकते.

तरीही फ्रेंच लगेच नाकारू नये असे मी म्हणेन. २०२६ पासून ज्या नव्या स्वरूपात परीक्षा होऊ लागली आहे, त्यात शब्दसंग्रह ठरवून दिलेला आहे, फाउंडेशनसाठी १२०० आणि हायरसाठी १७०० शब्द. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे यांना प्रत्येकी २५ टक्के गुण. संस्कृतची रूपे घोकलेल्या मुलीला फ्रेंच क्रियापदांचे तक्ते जड जाणार नाहीत. तिची खरी कसोटी ऐकण्याच्या पेपरात लागेल. तिला त्या भाषेची गोडी असेल तर घेऊ द्या, नसेल तर तो एक रकाना दुसऱ्या विषयाला द्या.

त्रिज्या

कम्प्युटर सायन्सविषयी माझे मत स्पष्ट आहे, मुलीला भूगोल घेऊ द्यावा. विद्यापीठात संगणकशास्त्र शिकण्यासाठी जीसीएसईला तो विषय असण्याची अट सहसा नसते, पाहतात ते ए-लेव्हलचे गणित. शिवाय तो विषय अनेक पालकांना वाटतो तसा नाही. परीक्षा बहुतांशी लेखी आहे. एक्यूए आणि ओसीआर या मंडळांत प्रोग्रामही कागदावर लिहायचा, आणि द्विमान संख्या, स्मृतीचे प्रकार, नेटवर्कची रचना यांवरचे प्रश्न पुष्कळ. ज्या मुलांना हे स्वतःहून आवडते ती त्यात रमतात; वडिलांच्या इच्छेने आलेली मुले इयर १० च्या नाताळापर्यंत कंटाळतात. आमच्या शाळेत हे दर वर्षी दिसते, आणि त्यांत आपल्याकडची मुले थोडी जास्तच असतात.

आता शाळेला काय विचारायचे ते सांगते. पालकसभेत शिक्षकांना पाच मिनिटेच मिळतात आणि ती ‘छान प्रगती आहे’ यात संपतात, म्हणून गणित आणि विज्ञान या विभागांच्या प्रमुखांना आधीच ईमेल पाठवा. तीत लिहा की मुलीला ए-लेव्हलला गणित आणि भौतिकशास्त्र घेण्याची इच्छा आहे. सध्याच्या सेटमध्ये हायरचा अभ्यासक्रम शिकवला जातो का, सेटमधील बदल कधी आणि कशाच्या आधारे होतात, आणि स्तराचा अंतिम निर्णय कोणत्या महिन्यात घेतला जातो, हे विचारा. परीक्षेच्या नोंदणीत स्तर लिहावा लागतो आणि ती नोंदणी फेब्रुवारीत जाते, त्यामुळे इयर ११ च्या नाताळाआधीच्या सराव परीक्षेचे महत्त्व फार आहे.

प्रत्येक विषयासाठी मंडळाचे नाव आणि अभ्यासक्रमाचा संकेतांकही मागून घ्या. एकाच शाळेत गणित एडेक्सेलचे, विज्ञान एक्यूएचे आणि इतिहास ओसीआरचा असे सर्रास असते. तो संकेतांक हाती आला की मंडळाच्या संकेतस्थळावर पूर्ण अभ्यासक्रम, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, गुणदानाची पद्धत आणि परीक्षकांचा अहवाल विनामूल्य मिळतो. आपण शोधत असलेले क्रमिक पुस्तक जवळपास हेच आहे. दुकानातून सरावाची पुस्तके घेताना मुखपृष्ठावर मंडळ आणि स्तर दोन्ही तपासा, आणि ‘९-१’ लिहिलेले नसलेली जुनी पुस्तके कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.