मदत हवी आहे: कॅम्पसवरच्या सुक्या कचऱ्याचे पैसे सफाई कामगारांनाच मिळावेत म्हणून काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका विद्यापीठात शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते. आवारात हिरवे-निळे डबे आहेत, मुलंही बऱ्यापैकी नीट कचरा टाकतात. पण सकाळी कंत्राटदाराचा ट्रॅक्टर आला की दोन्ही डबे एकाच ट्रॉलीत रिकामे व्हायचे. हे रोज बघणाऱ्या मुलांनी वेगळं करायचं तरी कशासाठी? तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थेनं कचरा जागीच वेगळा करायचा आणि ओला शक्यतो आवारातच जिरवायचा, हे दाखवल्यावर दुसरी ट्रॉली मंजूर झाली.

खरा पेच आता आहे. सफाईच्या मावशी-काका आजवर त्या मिसळलेल्या कचऱ्यातून पुठ्ठा आणि बाटल्या वेचून भंगारात विकत आले. कंत्राटी पगाराला तेवढाच हातभार. आता सुका कचरा स्वच्छ मिळतोय, तर तो एखाद्या रिसायकलिंग कंपनीला द्यावा असं आमच्या समितीत चाललंय. मला हे मुळीच पटत नाही. घाणीत हात घालायची वेळ होती तेव्हा माल त्यांचा, आणि चांगला झाल्यावर दुसऱ्याचा?

पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचे कचरावेचक २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेतात आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांनाच मिळतात. कॅम्पसच्या आत, मध्ये कंत्राटदार असताना, असं कुणी जमवलंय का? हा हक्क निविदेत कोणत्या शब्दांत लिहिला? शेड, वजनकाटा, हातमोजे यांचा खर्च कोणी उचलला?

दुसरा प्रश्न मेसच्या उरलेल्या अन्नाचा. आमटी-भाताचा ओलावा इतका असतो की पावसाळ्यात खताचे खड्डे नासतात, वास वसतिगृहापर्यंत येतो. वाळका पाला थरांत घातला की ओल शोषली जाते आणि कुजायला लागणारा कार्बनही मिळतो. पण पाला ढिगानं पडतो उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि तो लागतो जुलैत. तोवर साठवता कसा? बारीक करून पोत्यांत भरलेला टिकतो का? वाळवीचं काय करता?

मुलींच्या वसतिगृहात पॅड कागदात गुंडाळून वर ओळखीसाठी लाल ठिपका काढायची पद्धत छान रुळली आहे, तिथे अडचण नाही.

सफाईची नवी निविदा लवकरच निघणार आहे. त्यामुळे अशा कलमाचा मसुदा कुणाकडे असेल तर कृपया आधी तो इथे टाका, खताचं नंतर बोलू.